कन्सोलच्या विक्रीचे आकडे वाचायचे कसे: तपकीर गल्लीतला हिशोब

आमचं दुकान बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या तोंडाशी. सासऱ्यांच्या काळात इथे रेडिओचे सुटे भाग मिळायचे, पुढे टीव्हीचे. नव्वदच्या दशकात ‘मीडिया’ आणि ‘लिटल मास्टर’चे व्हिडिओ गेम आले, त्यांच्या पिवळ्या कॅसेटी आल्या. आता कपाटात कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायची मशीन आहेत: सोनीचा प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स आणि निन्टेन्डोचा स्विच. माल उचलण्याचं काम माझ्याकडे असतं. त्यामुळे कुठल्या देशात कुठलं मशीन किती खपलं, या बातम्या मी धंद्याची गरज म्हणून वाचते आणि मनापासून वाचते.

गिऱ्हाइकंही हल्ली वाचून येतात. “काकू, हा जगात एक नंबरला चाललाय, मग तुम्ही मागे का ठेवलाय?” असं विचारणारा एखादा तरी रोज भेटतो. प्रश्न रास्त आहे. पण जगाचा एकच आकडा घेऊन पुण्यात खरेदी करू नये, मग ती घरातल्या मुलासाठी असो, गेम पार्लरसाठी असो की दुकानासाठी. तो आकडा देशादेशांत फोडून कसा वाचायचा, ते मी करते तसं सांगते.

आधी विचारा: माल पोचला की विकला?

कंपनी जेव्हा म्हणते “इतके कोटी”, तेव्हा बहुतेक वेळा तो कंपनीच्या गोदामातून दुकानदारांकडे निघालेला माल असतो. निन्टेन्डो आणि सोनीच्या तिमाही अहवालांतले आकडे असेच असतात. गिऱ्हाइकाने पैसे मोजून घरी नेलेल्या मशीनचा आकडा वेगळा. मार्केट यार्डात हापूसच्या पेट्या किती उतरल्या, यावरून पुण्यात किती घरांत आमरस झाला ते कळत नाही, तसंच हे. वर्षानुवर्षं चालणाऱ्या मशीनच्या बाबतीत दोन्ही आकडे शेवटी जवळ येतात, कारण माल पडून राहिला तर दुकानदार नवीन मागवतच नाही. पण पहिल्या वर्षातला आकडा वाचताना हा फरक डोक्यात ठेवाच. भरपूर माल पाठवला याचा अर्थ उठाव आहे असा होत नाही.

मग बघा की मोजलं कोणी. जपानमध्ये ‘फामित्सू’ हे मासिक दर आठवड्याला दुकानातल्या विक्रीचा अंदाज छापतं, तो मला सर्वांत उपयोगी वाटतो. अमेरिकेत विक्री मोजणारी कंपनी पूर्वी एनपीडी होती, तिचंच नाव आता सर्काना. तिच्याकडून बाहेर येतं ते बहुतेक क्रमवारीच्या रूपात: या महिन्यात पहिला कोण, दुसरा कोण. निन्टेन्डो स्वतः जपान, अमेरिका खंड, युरोप आणि इतर अशी फोड देते, आणि जुन्या मशीनचेही आकडे तिने जपून ठेवले आहेत. सोनी आता जगाचा एकच आकडा देते. मायक्रोसॉफ्टने तर २०१५ पासून एक्सबॉक्स किती विकले हे सांगणंच बंद केलं. त्यामुळे आजच्या एक्सबॉक्सचा देशवार आकडा कुठे दिसला, तर तो कुणीतरी बांधलेला अंदाज आहे असं समजून चाला.

तारखाही बघा. निन्टेन्डो आणि सोनीचं वर्ष मार्चला संपतं, मायक्रोसॉफ्टचं जूनला. “यंदा”चे दोन आकडे शेजारी मांडण्याआधी ते यंदा कुठलं, हे तपासावं लागतं.

फोड करून बघितल्यावर काय दिसतं

यासाठी मी नेहमी एकच जोडी घेते, कारण तिच्यात सगळं दिसतं. २००१ मध्ये आलेले दोन कन्सोल: मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स आणि निन्टेन्डोचा गेमक्यूब. जगभरात एक्सबॉक्स खपले सुमारे २ कोटी ४० लाख, गेमक्यूब २ कोटी १७ लाख. नुसतं एवढंच वाचलं तर वाटेल, दोघेही सारखेच, एक्सबॉक्स जरा पुढे.

आता फोडा. एक्सबॉक्सच्या २ कोटी ४० लाखांपैकी १ कोटी ६० लाख एकट्या उत्तर अमेरिकेत, ६० लाख युरोपात आणि उरलेले २० लाख आशिया-पॅसिफिकमध्ये. त्यात जपानचा वाटा ५ लाखांच्याही खाली. गेमक्यूबचे अमेरिका खंडात १ कोटी २९ लाख, जपानमध्ये ४० लाख, बाकी जगात ४८ लाख.

पुढची पायरी लोकसंख्येने भागण्याची. ती बहुतेक जण गाळतात आणि तिथेच सगळा घोटाळा होतो. जपानची लोकसंख्या तेव्हा पावणेतेरा कोटींच्या आसपास होती. म्हणजे गेमक्यूब हजार माणसांमागे ३२ आणि एक्सबॉक्स हजारामागे जेमतेम ४. अमेरिका आणि कॅनडा मिळून बत्तीस कोटी धरले, तर तिकडे एक्सबॉक्स हजारामागे ५०. एकच मशीन, तेच खेळ, आणि एका देशात ५० तर दुसऱ्यात ४. जगाच्या बेरजेत यातलं काहीही दिसत नाही.

हा अपवाद नव्हता, हे मशीनच्या पुढच्या पिढीने दाखवून दिलं. प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० जगात जवळजवळ बरोबरीत राहिले, पहिला ८ कोटी ७० लाखांच्या पुढे, दुसरा ८ कोटी ४० लाखांच्या आसपास. पण जपानमध्ये प्लेस्टेशन ३ सुमारे १ कोटी आणि ३६० सोळा लाखांच्या आसपास. म्हणजे ३६०ची जवळजवळ सगळी कमाई जपानबाहेरची. तेव्हा “बरोबरी झाली” असं कोणी म्हणालं, की मी विचारते: कुठे?

कारण शोधल्याशिवाय आकडा अर्धवट

आकडा फोडला की लगेच “तिकडच्यांना हे आवडत नाही” असं म्हणून मोकळं होऊ नका. आवड हे एक कारण असतं, पण त्याच्या आधी किंमत, कर, कायदा, घराचा आकार, भाषा अशी बरीच कारणं रांगेत उभी असतात.

जपानचं घ्या. पहिला एक्सबॉक्स अवजड होता, त्याचा कंट्रोलर एवढा मोठा की जपानसाठी मायक्रोसॉफ्टला वेगळा, लहान कंट्रोलर काढावा लागला. पुढे तोच सगळीकडे दिला गेला. तिथल्या लोकांना हवे तसे खेळही त्यावर कमी होते. घरं लहान, माणसांचा दिवसातला मोठा वेळ ट्रेनमध्ये, त्यामुळे हातात मावणाऱ्या मशीनला जपानमध्ये कायम मागणी. निन्टेन्डो डीएस जपानमध्ये ३ कोटी ३० लाख गेला, म्हणजे हजार माणसांमागे अडीचशेच्या वर. स्विच हा घरातही आणि हातातही चालणारा, तोही जपानमध्ये साडेतीन कोटींच्या पुढे आहे. याउलट त्याच निन्टेन्डोचा टीव्हीला जोडायचा वी यू जपानमध्ये फक्त ३३ लाख. कंपनी तीच, देश तोच, तेव्हा “जपानी लोक जपानी कंपनीचंच घेतात” हे उत्तर पुरत नाही.

ब्राझीलची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्याला जवळची आहे. तिथे बाहेरून आलेल्या मालावर कर जबर. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ अमेरिकेत ३९९ डॉलरला निघाला आणि ब्राझीलमध्ये ३,९९९ रिआलला, म्हणजे तेव्हाच्या दराने अमेरिकेच्या चौपटीहून जास्त. अशा देशात नव्या मशीनचा आकडा लहान दिसला, तर खेळणारे कमी आहेत असं म्हणता येत नाही. त्याच ब्राझीलमध्ये टेकटॉय नावाच्या कंपनीने सेगा या जपानी कंपनीची मशीन देशातच तयार करून विकली आणि सेगाने २००१ मध्ये कन्सोलचा धंदा सोडल्यावरही ती विकत राहिली. मास्टर सिस्टीमसारखं ऐंशीच्या दशकातलं मशीन तिथे इतकी वर्षं टिकलं ते यामुळे.

चीनमध्ये कायद्यानेच दार बंद होतं. २००० साली कन्सोलच्या विक्रीवर बंदी आली, ती २०१४ मध्ये आधी शांघायच्या मुक्त व्यापार क्षेत्रापुरती आणि मग पुढच्या वर्षी देशभर उठली. तोवर एक अख्खी पिढी पीसीवर आणि फोनवर खेळायला शिकली होती. स्विच तिथे अधिकृतपणे २०१९च्या डिसेंबरमध्ये, टेन्सेंट या चिनी कंपनीच्या मार्फत आला. इतक्या मोठ्या देशाचा कन्सोलचा आकडा लहान का, हे त्या चौदा वर्षांत दडलेलं आहे.

आणि रशियात काय, आपल्याकडे काय, एनईएस या निन्टेन्डोच्या मशीनची नक्कल घराघरांत पोचली. रशियात तिला ‘डेंडी’ म्हणायचे. आपण जिला नुसतं ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचो, ती बहुतेक तीच. निन्टेन्डोच्या यादीत एनईएसचे जपान आणि अमेरिका खंड सोडून सगळ्या जगातले मिळून ८६ लाखच दिसतात. तुम्ही लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आतेभावंडांबरोबर जे खेळलात ते कुठल्याच यादीत नाही.

भारताचा रकाना

आता आपल्याकडे येऊ. भारतासाठी फामित्सूसारखा दर आठवड्याचा जाहीर आकडा नाही. मग काय बघायचं? मी तीन गोष्टी बघते: कधी आला, केवढ्याला आला आणि अधिकृत आला का.

कधी आला. एक्सबॉक्स ३६० भारतात सप्टेंबर २००६ मध्ये आला, जाहिरातीत युवराज सिंग आणि अक्षयकुमार. प्लेस्टेशन ३ त्यानंतर, एप्रिल २००७ मध्ये, ३९,९९० रुपयांना. पुढच्या एका पिढीत उलट झालं: एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस भारतात बाकी जगाबरोबर १० नोव्हेंबर २०२० लाच मिळाले, आणि प्लेस्टेशन ५, जो अमेरिका-जपानमध्ये १२ नोव्हेंबरला निघाला, तो आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला आला. मधली दिवाळी गेली. दोन देशांची तुलना कराल तेव्हा कॅलेंडरच्या वर्षावर करू नका. दोन्हीकडे मशीन आल्यापासून किती महिने झाले, त्यावर करा.

केवढ्याला आला. डिस्कवाला प्लेस्टेशन ५ अमेरिकेत ४९९ डॉलर, तेव्हाच्या ७३ च्या दराने साडेछत्तीस हजारांच्या आसपास, वर तिथला राज्याचा विक्रीकर. आपल्याकडे ४९,९९०. आयात शुल्क, १८ टक्के जीएसटी, वाहतूक, सगळं त्यात. पुढे २०२२च्या नोव्हेंबरमध्ये तोच ५४,९९० झाला. अमेरिकेतल्या माणसाच्या पगारात आणि आपल्या पगारात हा आकडा कुठे बसतो, ते ज्याने त्याने मांडून बघावं.

किंमत उतरली की आपल्याकडे काय होतं, हे प्लेस्टेशन २ ने दाखवलं. बाहेरच्या जगात त्याचं वय झालं होतं, पुढचं मशीन आलेलं होतं, आणि आपल्याकडे तो तेव्हाच खऱ्या अर्थाने मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. हैदराबादच्या ऑरोना कंपनीने २००९ मध्ये हनुमानावरचा खेळ काढला तो त्याच मशीनवर, म्हणजे जपानमध्ये ते निघाल्यानंतर नऊ वर्षांनी. माझं ठाम मत आहे की भारतात कन्सोलची लाट नव्या मशीनबरोबर येत नाही, ती त्याच्या आधीच्या मशीनबरोबर येते. म्हणून मी आजही प्लेस्टेशन ४ ला कपाटात मानाची जागा देते.

अधिकृत आला का. स्विच भारतात अधिकृतपणे आलाच नाही. तरी तो पुण्यात आहे, कोथरूडात आहे, हिंजवडीत आहे. दुबई, सिंगापूर, जपान, अमेरिका इथून आलेला. म्हणजे पुण्यातला प्रत्येक स्विच दुसऱ्याच कुठल्यातरी देशाच्या रकान्यात मोजलेला आहे. विक्रीचा आकडा माल कुठे विकला गेला एवढंच सांगतो, तो कुठे खेळला जातो हे सांगत नाही. येन घसरल्यावर जपानमधून मशीन उचलून बाहेर विकणारे वाढले, तेव्हा जपानच्या रकान्यातही हाच गोंधळ होता.

आपल्या गल्लीचा आकडा आपणच काढायचा

जाहीर आकडा नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही. तुम्हाला दुकान किंवा पार्लर टाकायचं असेल, तर एक वही करा. नव्या विक्रीपेक्षा मला तीन गोष्टी जास्त सांगून जातात. पहिली, दुरुस्तीला काय येतं. कंट्रोलरची काडी आपोआप सरकते म्हणून येणारे कंट्रोलर कुठल्या मशीनचे जास्त, त्यावरून कुठलं मशीन रोज चालतंय ते कळतं. दुसरी, बदलीला कुठल्या डिस्क येतात आणि त्या किती दिवस कपाटात राहतात. क्रिकेट आणि फुटबॉलच्या डिस्क येतात तशा जातात. गोष्टीवाले मोठे खेळ येतात आणि थांबतात. तिसरी, सेकंड हॅन्ड मशीनची किंमत किती उतरते. नव्याची किंमत कंपनी ठरवते, जुन्याची आपली गल्ली ठरवते. ज्याची किंमत वर्षभर टिकली, त्याला पुण्यात खरी मागणी आहे.

पुण्याच्या आत सुद्धा फरक आहेत. हिंजवडी-बाणेरकडून येणारं गिऱ्हाईक बोनसच्या सुमाराला येतं आणि नवं मागतं. पेठांतलं कुटुंब दहावी-बारावीच्या निकालानंतर नाहीतर दिवाळीत येतं, आणि आधी “सेकंड हॅन्डमध्ये काय आहे?” विचारतं. वसतिगृहातली मुलं दोघं-तिघं मिळून एक घेतात. महिन्याच्या आकड्यावर जाऊन माल भरला, तर मे महिन्यात वाटेल तो उठाव ऑगस्टमध्ये राहत नाही.

बाहेरच्या देशाचं मशीन घ्यायचं असेल तर

देशादेशांतला हा फरक शेवटी तुमच्या हातातल्या खोक्यात उतरतो, म्हणून एवढं तपासाच.

मशीन उलटं करा, अ‍ॅडॅप्टर हातात घ्या आणि इनपुटची ओळ वाचा. ‘१००-२४०’ असेल तर आपल्या २३० व्होल्टवर बिनधास्त लावा. अमेरिकेतून आलेल्या एक्सबॉक्स ३६० च्या त्या विटेएवढ्या अ‍ॅडॅप्टरवर ‘१००-१२७’ असतं. तो थेट आपल्या प्लगमध्ये गेला की संपला. अक्षरं बारीक असतात, मी भिंग ठेवलंय, शिवाय मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की नीट दिसतात.

मग खोक्यावर एमआरपी, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि ग्राहक सेवेचा नंबर असलेलं लेबल आहे का ते बघा. ते नसेल तर तो माल भारतातल्या विक्रीसाठी आलेला नाही, आणि वॉरंटी ज्या देशातून घेतला तिथली धरायची.

भाषा. हा मुद्दा आता फार मोठा झाला आहे. ‘स्विच २’ हा नवा स्विच जून २०२५ मध्ये आला तेव्हा जपानमध्ये त्याचे दोन प्रकार निघाले: ४९,९८० येनचा, फक्त जपानी भाषेत चालणारा, आणि ६९,९८० येनचा, सगळ्या भाषांचा. स्वस्त प्रकाराला खातंही जपानचंच लागतं. सोनीनेही २०२५च्या नोव्हेंबरमध्ये फक्त जपानी भाषेतला डिजिटल, म्हणजे डिस्क न लागणारा, प्लेस्टेशन ५ जपानमध्ये ५५,००० येनला काढला. आपल्या पुण्यात जपानी शिकणारी मुलं भरपूर आहेत, त्यातली एक परवा विचारत होती, “काकू, मला एन-थ्रीपर्यंत येतं, स्वस्तातला घेतला तर चालेल ना?” एन-थ्री म्हणजे जपानीच्या परीक्षेची मधली पातळी. मी तिला सांगितलं, तुला मेनू वाचता येईल, पण घरात बाकी कोण खेळणार आहे ते आधी बघ, आणि पुढे विकायचा झाला तर गिऱ्हाईकही जपानी येणारंच शोधावं लागेल.

डिस्कचं सोपं आहे: प्लेस्टेशन ४ आणि ५ वर कुठल्याही देशाची खेळाची डिस्क चालते. पण वरून विकत घ्यायचे जादा भाग ज्या देशाच्या डिस्कचे, त्याच देशाच्या खात्यावर मिळतात. दुबईहून आलेली डिस्क स्वस्त पडली तरी हे लक्षात ठेवा. जुन्या निन्टेन्डोचा, म्हणजे वी यू किंवा थ्रीडीएसचा विचार असेल, तर मशीन आणि खेळ एकाच प्रदेशाचे हवेत, नाहीतर चालत नाहीत.

आणि पैसे देण्याआधी दुकानातच चालू करून बघा, सेटिंगमध्ये इंग्रजी निवडता येतंय का पाहा, मग बिलावर मॉडेल नंबर, सिरियल नंबर आणि कुठल्या देशाचा माल आहे ते दुकानदाराकडून लिहून घ्या. आम्ही न मागताच लिहून देतो. इतर कुठे घेतलात तर मागून घ्या.